मार्गरीत पोरेत आणि तिचा आरसा

१ जून १३१०. पॅरिसमध्ये सीन नदीकाठच्या ग्रेव्ह चौकात मार्गरीत पोरेतला जिवंत जाळलं गेलं. तिने एक पुस्तक लिहिलं होतं आणि ते नाकारायला ती तयार नव्हती.

मार्गरीत आजच्या फ्रान्स-बेल्जियम सीमेवरच्या एनो प्रांतातली, बेगीन. लग्न न करता, मठातही न जाता देवाच्या भक्तीत जगणाऱ्या बायकांना तेव्हा बेगीन म्हणत. कुणा एका मठाचा त्यांच्यावर अंमल नसे, आणि हेच अनेक धर्माधिकाऱ्यांना खुपायचं.

पुस्तकाचं नाव ‘साध्या जीवांचा आरसा’. लिहिलं ते विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, लोकांच्या फ्रेंचमध्ये. त्यात प्रेम, बुद्धी आणि आत्मा एकमेकांशी बोलतात. बुद्धी शंका काढत राहते, प्रेम उत्तरं देत राहतं, आणि ती उत्तरं न सोसून शेवटी बुद्धी प्राण सोडते. केवढी धीट कल्पना! प्रेमात विरून गेलेल्या आत्म्याला स्वतःची अशी इच्छाच उरत नाही, ना स्वर्गाची आस, ना नरकाची धास्ती. असा आत्मा, ती लिहिते, देहस्वभाव मागेल ते निःशंकपणे देऊ शकतो. कारण त्या अवस्थेत देहस्वभाव निषिद्ध काही मागतच नाही. आरोपात यातलं पहिलं अर्धं वाक्य आलं. दुसरं गाळलं गेलं.

त्याआधीच काम्ब्रेच्या बिशपने व्हालान्सिएन शहरात तिच्या डोळ्यांदेखत पुस्तक जाळलं होतं, पुन्हा पसरवलंस तर खबरदार, असं बजावलं होतं. तिने ते तीन विद्वानांना दाखवलं. तिघांनी पसंती दिली. आणि ती लोकांना ते देत राहिली.

१३०८ मध्ये ती पॅरिसच्या कैदेत होती. चौकशीला तिने साधी शपथही घेतली नाही. सुमारे दीड वर्ष एका प्रश्नालाही उत्तर नाही. पॅरिस विद्यापीठाच्या २१ धर्मपंडितांसमोर पुस्तकातली निवडक वाक्यं ठेवली गेली आणि त्यांनी ती पाखंडी ठरवली. चितेपुढची तिची शांत श्रद्धा पाहून जमलेले लोक रडले, ही नोंद तिला ‘खोटी स्त्री’ म्हणणाऱ्या इतिहासकाराचीच आहे.

सगळ्या प्रती जमा करण्याचा हुकूम निघाला. पण आरसा लेखिकेच्या नावाविना फिरत राहिला. लॅटिन, इटालियन, इंग्रजी अशी भाषांतरं झाली. मठांतल्या साधूंनी तो भक्तीने उतरवून घेतला. १९४६ मध्ये रोमाना ग्वार्निएरी या इटालियन संशोधक बाईंनी तो मार्गरीतचाच असल्याचं ओळखलं. सहाशे छत्तीस वर्षांनी तिचं नाव पुस्तकाशी जोडलं गेलं, तेही व्हॅटिकनच्या वर्तमानपत्रात छापून.