नळाला फुलं वाहणारं गाव

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडच्या मध्यावर डर्बीशायर नावाचा परगणा आहे. त्यातल्या डोंगराळ भागात पाऊस चांगला पडतो, पण पडलेलं पाणी टिकत नाही. खडक चुनखडीचा. भेगाभेगांतून पाणी खाली उतरतं आणि गडप होतं. त्यामुळे जिथे झरा फुटला, तिथेच वस्ती धरली. रहाट नाही, कठडाही नाही. बांधून काढलेला झरा आणि पुढे दगडी कुंड, हीच तिथली विहीर. या विहिरी मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत, एकेका गावात पाळीपाळीने, फुलांच्या भल्यामोठ्या चित्रांनी सजवल्या जातात.

यातलं सर्वांत नावाजलेलं गाव टिसिंग्टन. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी, म्हणजे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, इथल्या विहिरी सजतात. गावकरी सांगतात, 1348-49 च्या महामारीत आसपासची गावं ओस पडली, टिसिंग्टन मात्र वाचलं, ते इथल्या निर्मळ पाण्यामुळे. दुसरी कथा 1615 च्या दुष्काळाची: सगळीकडचं पाणी आटलं, पण टिसिंग्टनचे झरे वाहत राहिले. दोन्ही कथा एकाच गावात सुखाने नांदतात. कोणी म्हणतं, ही प्रथा ख्रिस्ती धर्माच्याही आधीची, जलदेवतांच्या पूजेची. तसं असेलही, पण कागदोपत्री पुरावा म्हणाल तर फारसा हाती लागत नाही.

मला स्वतःला या कथांपेक्षा यूलग्रीव्ह गावाची हकीकत जास्त भावते. हे गाव उतारावर वसलेलं, नदी खाली दरीत. पाणी आणायचं म्हणजे रोज खाली उतरायचं आणि भरलेल्या बादल्या घेऊन चढण चढायची. ते काम कोणाच्या वाट्याला येत असेल, हे आपल्याकडच्या श्रोत्यांना सांगायला नको. अखेर गावातल्या बायकांच्या मंडळाने पाण्याचा प्रश्न लावून धरला, पैसे उभे राहिले, आणि 1829 साली दरीपलीकडच्या झऱ्याचं पाणी नळातून गावात आलं. गावाच्या मधोमध एक गोल दगडी टाकी बांधली. ती आजही उभी आहे. पाणी आलं तेव्हा लोकांनी काय केलं? टाकी फुलांनी सजवली. वर्क्सवर्थ गावातही नळ आल्यानंतर नळच सजवायला लागले. बक्सटनमध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकने वरच्या बाजारपेठेपर्यंत पाणी आणलं, आणि 1840 मध्ये तिथेही फुलं चढली. म्हणजे पाणी देवाने दिलं की नळ टाकणाऱ्या माणसांनी, हा भेद या लोकांनी केला नाही. फुलं दोघांनाही. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

आता ही सजावट होते कशी, ते नीट सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. हार-तोरणांचा हा प्रकार नव्हे. आधी मोठमोठ्या लाकडी चौकटी घ्यायच्या. फळ्यांवर शेकडो खिळे अर्धवट ठोकलेले असतात, माती धरून ठेवायला. या चौकटी काही दिवस नदीत किंवा तळ्यात भिजत ठेवतात, नाहीतर कोरडं लाकूड मातीतला ओलावा पिऊन टाकतं. चिकणमाती पाण्यात कालवून पायांनी तुडवायची, त्यात मीठ घालायचं. मिठामुळे ती लवकर सुकत नाही. पोरं या कामाला सगळ्यांत आधी हजर असतात.

माती थापून गुळगुळीत झाली, की चित्राचा कागद वर पसरतात आणि रेघेरेघेवर टाचणीने टोचत जातात. कागद उचलला की मातीवर ठिपक्यांचं चित्र. मग बाह्यरेषा. त्यासाठी ऑल्डर नावाच्या झाडाची काळपट बोंडं, कॉफीच्या बिया, काळी लोकर. त्यानंतर पाकळ्या. एकेक पाकळी सुटी करून, मातीत दाबून बसवायची. सुरुवात खालून करायची आणि वरची पाकळी खालच्या पाकळीवर थोडी चढवायची, घरावर कौलं बसवतात तशी, म्हणजे पाऊस आला तरी पाणी ओघळून जातं. आभाळासाठी हायड्रेंजियाच्या निळ्या पाकळ्या, डोंगरासाठी शेवाळ, दगडी भिंतीसाठी दगडफूल, शिवाय बिया आणि अंड्याची टरफलं. बहुतेक गावांचा दंडक असा, की जे वापरायचं ते निसर्गातलंच हवं, प्लास्टिकला मज्जाव. बार्लो हे गाव मात्र पाकळ्या न सोडवता अख्खी फुलंच खोचतं.

हे सगळं गावातले हौशी लोक करतात, पगारी कलाकार नव्हेत. माती ओली असेतोवर चित्र पुरं व्हायला हवं, म्हणून शेवटच्या रात्री जागरण ठरलेलं. चित्रं पूर्वी बायबलमधल्या प्रसंगांची असत. आता एखाद्या संस्थेची शताब्दीही चालते. मग पाद्री येतात, बँड वाजतो, मिरवणूक एका विहिरीवरून दुसरीकडे जाते आणि पाण्याला आशीर्वाद दिला जातो. साधारण आठवडाभरात पाकळ्या कोमेजतात, माती तडकते, चौकटी उतरवतात.

जाता जाता ईयम गावाचा उल्लेख करायलाच हवा. 1665 मध्ये लंडनहून आलेल्या कापडातून तिथे प्लेग शिरला, असं सांगतात. रोग बाहेर पसरू नये म्हणून गावाने स्वतःला कोंडून घेतलं. शेजारचे लोक वेशीबाहेरच्या झऱ्यापाशी अन्न ठेवून जात आणि गावकरी मोबदल्याची नाणी पाण्यात सोडत. आज ईयमच्या विहिरी ऑगस्टच्या अखेरीला सजतात. आणि महामारीतून वाचल्याच्या कथा सांगणारा हा उत्सव 2020 साली महामारीमुळेच बहुतेक ठिकाणी रद्द करावा लागला!

तुमच्यापैकी कुणाची मुलंबाळं इंग्लंडात असतील आणि उन्हाळ्यात तिकडे जाणं होणार असेल, तर माझी एक सूचना. उत्सवाच्या दिवशी टिसिंग्टनला तुफान गर्दी असते. त्यापेक्षा दोन-तीन दिवस आधी एखाद्या लहान गावात जा. कोठारात किंवा मांडवात पाकळ्या बसवण्याचं काम चालू असतं, बघायला सहसा कोणी मनाई करत नाही, आणि काही गावांत तर पाहुण्यालाही बाकावर जागा करून देतात. मात्र बोटांची नखं मातीने भरणार, ही तयारी ठेवा.

नमस्कार.