सुन्न होण्याच्या पुढची दाद

मित्रहो, या महिन्यात आपण बानू मुश्ताक यांचा ‘हार्ट लॅम्प’ हा कथासंग्रह वाचायला घेतला होता आणि आजच्या बैठकीआधी पुष्कळांनी आपले अभिप्राय लिहून पाठवले. त्यांत सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द ‘सुन्न’ हा आहे. तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु सुन्न झालेला माणूस बोलत नाही, आणि जिच्या कथा मुळात बायकांच्या बोलण्यातूनच उभ्या राहतात, त्या लेखिकेला अशी मुकी दाद अपुरी पडते. या कथांत दुःख आहे म्हणून आपण त्यांचे कौतुक करतो, की त्या गोष्टी म्हणून जमल्या आहेत म्हणून, एवढेच मला आज विचारायचे आहे.

पुस्तकाची पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक आहे. बानू मुश्ताक या कर्नाटकातील हासनच्या वकील आणि बंडाय, म्हणजे बंडखोर, साहित्य चळवळीतून पुढे आलेल्या कन्नड कथाकार. 1990 ते 2023 या काळातील त्यांच्या बारा कथा दीपा भास्ती यांनी निवडून इंग्रजीत आणल्या आणि 20 मे 2025 रोजी या पुस्तकाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. कथासंग्रहाला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याचे पन्नास हजार पौंड लेखिका आणि अनुवादिका यांच्यात समान वाटले गेले. विषय म्हणाल तर तो आपल्याला नवा नाही. हमीद दलवाई यांनी 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला, तेव्हापासून तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व हे प्रश्न मराठी वाचकासमोर आहेत. म्हणूनच, प्रश्न ठाऊक असूनही कथा आपल्याला का धरून ठेवते, याचे उत्तर विषयाबाहेर शोधावे लागते.

संग्रहातील पहिलीच कथा पाहा, ‘स्टोन स्लॅब्स फॉर शाइस्ता महाल’, म्हणजे शाइस्ता महालासाठी दगडी फरश्या. निवेदन करणारी जीनत सुरुवातीलाच अडते ती नवऱ्याला काय म्हणावे या प्रश्नापाशी. ‘यजमान’ म्हणावे, तर आपण नोकर ठरतो! हा शब्द वाचताना मी थांबलो, कारण आपल्याकडच्या कितीतरी स्त्रिया आजही ‘आमचे यजमान’ असेच म्हणतात, आणि ‘मालक’, ‘धनी’, ‘कारभारी’ हे शब्दही काही फार मागे पडलेले नाहीत. जीनत गमतीने बोलत असते, आपणही हसतो, आणि त्या हसण्यातच पुढच्या कथेची पायाभरणी होऊन जाते. नंतर भेटतो तो इफ्तिकार, बायकोसाठी ‘शाइस्ता महाल’ बांधण्याच्या गोष्टी करणारा. ताजमहाल ही कबर आहे, हे वाचकाला माहीत असते. प्रेमाच्या भरात असलेल्या इफ्तिकारला त्याचा विसर पडलेला असतो. बाळंतपणांमागून बाळंतपणे सोसणाऱ्या शाइस्ताची धाकटी मुले सांभाळायला थोरल्या आसिफाने शाळा सोडलेली आहे, ही गोष्ट लेखिका ओघात सांगून टाकते. शाइस्ता मरते, थोड्याच दिवसांत घरात नवी तरुण बायको येते, आणि शीर्षकातल्या दगडी फरश्या कशासाठी होत्या ते आपल्याला उशिरा कळते.

विनोदाबद्दल कोणीच लिहिले नाही, याचे मला आश्चर्य वाटले. गोबी (फ्लॉवर) मंचुरियनच्या वेडाने पछाडलेला अरबीचा शिक्षक आधी निव्वळ हास्यास्पद वाटतो. पुढे तो त्याच पदार्थापायी बायकोला मारतो, आणि आपण आधी हसलो याची लाज वाटते. ही हातोटी सोपी नाही.

सगळ्याच कथा सारख्या उतरलेल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. काही ठिकाणी वकिलाचा युक्तिवाद कथाकारावर मात करतो, पुरुष पात्रे केवळ आरोपी होऊन उभी राहतात आणि शेवट घाईने येतो. मशिदीच्या मुतवल्लीकडे, म्हणजे कारभाऱ्याकडे, न्याय मागणाऱ्या अश्रफच्या कथेत मला तसे जाणवले. मात्र त्या कथेतील गल्लीभर उमटणारे बायकांचे शिव्याशाप अस्सल आहेत.

भाषेविषयी दोघांची तक्रार होती की कन्नड आणि उर्दू शब्दांना तळटिपा नाहीत. अनुवादिकेने त्या जाणीवपूर्वक टाळल्या आहेत. तिरपी अक्षरेही वापरलेली नाहीत, कारण घरातले शब्द पाहुण्यांसारखे वेगळे बसवायचे नाहीत, ही तिची भूमिका आहे. ‘सेरगु’ म्हणजे पदर, हे सोलापूर-अक्कलकोटकडच्या वाचकाला कोणी सांगायला नको. शीर्षककथेचे कन्नड नाव आहे ‘एदेय हणते’. ‘हणते’ म्हणजे आपली पणतीच, आणि ‘एदे’ म्हणजे छाती, काळीज. इंग्रजीतला ‘लॅम्प’ वाचताना मला ती मातीची, तेलाची, वाऱ्याला भिणारी पणती दिसत नव्हती. कन्नड नाव कळल्यावर दिसली.

त्या कथेतली मेहरून नवऱ्याने टाकल्यावर तान्हे मूल घेऊन माहेरी येते, आणि अब्रूच्या नावाखाली भाऊ तिला परत नेऊन सोडतात. रात्री ती अंगावर रॉकेल ओतून घेते. लेखिका इथे मेहरूनच्या दुःखाचे वर्णन वाढवत बसत नाही. थोरली मुलगी सलमा बाळाला घेऊन धावत येते आणि आईला विचारते की अब्बासाठी मरायला तयार आहेस, तर आमच्यासाठी जगता येणार नाही का.