पहिल्या मीटिंगला जाताना

नमस्कार श्रोतेहो.

व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक म्हणून मी एक वाक्य सतत ऐकते. "मॅडम, आधी दारू सोडतो, मग त्या मीटिंगला जातो." आजचं बोलणं मुख्यतः या माणसासाठी आहे. दादा, आधी मीटिंगला जा. ही मीटिंग अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए.ची. दारू सोडू पाहणारे लोक तिथे एकमेकांना आधार देतात. ए.ए.मध्ये यायला एकच अट आहे. दारू थांबवायची इच्छा हवी. ती थांबलेलीच हवी, असं कुणी म्हणत नाही.

याची सुरुवात १९३५ साली अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात झाली. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस. दारू सोडून काही महिनेच झाले होते. कामासाठी अ‍ॅक्रनला आला, तिथे सौदा फिसकटला आणि हॉटेलातला बार त्याला खुणावू लागला. तेव्हा त्याने फोन उचलला आणि या शहरात आपल्यासारखा दारूने गांजलेला दुसरा कुणी आहे का, याची चौकशी सुरू केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. दोघं तासन्‌तास बोलत बसले. डॉक्टरांनी शेवटची दारू घेतली ती १० जून १९३५ रोजी, आणि तोच दिवस ए.ए.चा स्थापनादिन मानतात. घरचे, साहेब, डॉक्टर, सगळे सांगून थकलेले असतात. पण "सकाळी माझेही हात कापायचे, एक घेतल्याशिवाय चहाचा कप धरता यायचा नाही," असं सांगणारा समोर बसला की पिणारा माणूस मान वर करतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भारतात ए.ए. १९५७ साली सुरू झालं. आज महाराष्ट्रात मराठीतून मीटिंग भरतात. कुठे शाळेच्या वर्गात, कुठे चर्चच्या हॉलमध्ये, बहुतेक संध्याकाळी. ओपन मीटिंगला घरचे किंवा माझ्यासारखे लोकही बसू शकतात. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू थांबवायचीय त्यांच्यासाठी.

आत गेल्यावर काय होतं, याचीच धास्ती जास्त असते. मी बसले होते ती खोली प्राथमिक शाळेची होती. बाकं इतकी बुटकी की मोठ्या माणसांचे गुडघे वर यायचे. भिंतीवर बाराखडीचा तक्ता, शेजारी टांगलेला ए.ए.च्या बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारूतून सावरण्याच्या बारा टप्प्यांचा फलक. एकेक जण उठतो, नुसतं नाव सांगतो, आडनाव नाही, आणि "मी अल्कोहोलिक आहे" म्हणून स्वतःचा अनुभव सांगतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. फी नाही. खर्चासाठी पिशवी फिरते, त्यात ज्याला जमेल तो टाकतो, आणि नव्या माणसाकडून अपेक्षा नसते. तुम्हाला बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो" म्हणा, चालतं. शेवटी प्रार्थना होते. देव न मानणारेही तिथे वर्षानुवर्षं येतात.

"ओळखीचं कुणी दिसलं तर?" अहो, तोही त्याच कारणाने आलेला असतो. तरी संकोच वाटला तर शेजारच्या गावच्या मीटिंगला जा, अनेक जण तसंच करतात. गुप्ततेबद्दल ए.ए. इतकं काटेकोर आहे की सभासदांनी वर्तमानपत्रात किंवा रेडिओवर स्वतःची पूर्ण ओळख देऊ नये, असं त्यांच्या परंपरांमध्ये, म्हणजे लेखी तत्त्वांमध्येच आहे.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा. एखाद्या ठिकाणी बाई म्हणून अवघडल्यासारखं झालं तर महिलांची मीटिंग कुठे आहे ते विचारा, ऑनलाइन मीटिंगही असतात. आणि मध्ये घसरलात तर घरी तोंड लपवून बसू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तिथे कुणी दरडावत नाही. २०२० साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास, म्हणजे १० हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली. ए.ए.शी नीट जोडून देणारे उपचार पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरले.

आता एक गोष्ट फार महत्त्वाची. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरला न दाखवता एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. सरकारी रुग्णालयात दाखवा, औषधांनी हे दिवस सुखरूप पार पडतात. मीटिंग त्या औषधांना पर्याय नाही, दोन्ही हवं.

आणि ताई, तुम्ही. बाटल्या शोधून ओतून देणाऱ्या, साहेबांना फोन करून "त्यांना ताप आहे" सांगणाऱ्या. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाची वेगळी मीटिंग असते. १९५१ साली ती उभी केली त्यांत बिल विल्सनच्या पत्नी लोईस होत्या. तुमच्या नवऱ्याचं पिणं तुमच्यामुळे सुरू झालेलं नाही, हे तिथे तुमच्यासारख्याच बायका तुम्हाला सांगतील. ते ए.ए.ला जात नसले तरी तुम्ही अल-अनॉनला जाऊ शकता.

जवळची मदत कुठे मिळेल हे विचारायला केंद्र सरकारची नशामुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, १४४४६. मन फारच खचलं असेल तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, रात्रीही लागते. कागद-पेन्सिल घ्या, पुन्हा सांगते. एक, चार, चार, चार, सहा. आणि एक, चार, चार, एक, सहा. नमस्कार.