आवाज कशाच्या मागे धावतो?

मंडळी, नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या गाड्या बाहेर आवारातच उभ्या आहेत, त्यामुळे प्रस्तावना न करता विषयाला हात घालतो. आपल्याकडचा नेहमीचा प्रकार असा: शाळेला किंवा वऱ्हाडाला राबलेली जुनी टेम्पो ट्रॅव्हलर स्वस्तात घ्यायची, सीटा काढायच्या, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवायची आणि तोरणमाळ नाहीतर पाटणादेवीच्या दिशेने निघायचं. हाच आपला कॅम्पर. दोन-तीन महिन्यांत गाडी बोलायला लागते. मग गॅरेजवर पहिला प्रश्न ठरलेला, ‘भाऊ, आवाज कथाईन यी राह्यना?’ म्हणजे, आवाज कुठून येतोय?

हा प्रश्न नंतरचा. चेसिस लोखंडाची, बॉडी पत्र्याची. मागच्या डिफरन्शियलची, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गोल गिअरपेटीची, घूंघूं ड्रायव्हरच्या सीटखाली ऐकू येते आणि पुढच्या चाकाची गुरगुर मागच्या पलंगावर. जागेच्या मागे लागलं की चांगले पार्ट बदलले जातात. आधी विचारायचं, आवाज कशाबरोबर वाढतो? इंजिनच्या फेऱ्यांबरोबर, चाकाच्या वेगाबरोबर, खड्ड्याबरोबर, की स्टिअरिंग-ब्रेकबरोबर? याचं उत्तर मिळालं की निम्मी गाडी तपासातून बाद होते.

पण त्याच्याही आधी घर रिकामं करा. भांडी, शेगडीची जाळी, खुर्च्या, बादल्या, सगळं खाली. गॅस सिलिंडर बाहेर. ड्रॉवर आणि कपाटांची दारं चिकटपट्टीने बंद करा. टाकी एकदा पूर्ण भरून आणि एकदा पूर्ण रिकामी करून फिरवा, कारण अर्धी टाकी वळणावर जो धपका देते तो हुबेहूब सैल शॉकअॅब्सॉर्बरसारखा असतो. टपावरून ६०-७० च्या पुढे शिट्टी येत असेल तर कॅरिअर, सोलर पॅनेलची कड आणि व्हेंटचं झाकण यांवर एकेक करून टेप लावा. ज्या टेपने शिट्टी थांबली तिथे फट आहे. हे सगळं कंटाळवाणं आहे, पण खडखडीच्या तक्रारींतल्या पुष्कळशा इथेच निकाली निघतात.

आता गाडी रस्त्यावर. जोडीला एक माणूस घ्या. चालवणाऱ्याने ऐकायच्या नादात रस्ता सोडू नये. पहिली चाचणी उभ्यानेच: न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस वाढवा. आवाज इथेच आला तर तो इंजिन, बेल्ट, क्लच, गिअरबॉक्सचा पुढचा भाग किंवा सायलेन्सर यांपैकी. आला नाही तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर ५० चा वेग धरा, तोच वेग एकदा चौथ्यात आणि एकदा तिसऱ्यात ठेवा. गिअर बदलल्यावर आवाजाची पट्टी बदलली तर इंजिनकडे बघा. वेग तोच, पट्टीही तीच, तर ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब प्रॉपेलर शाफ्टपासून टायरपर्यंतचं काहीतरी. खात्रीसाठी क्षणभर न्यूट्रल करता येतं, पण सपाटीवर, इंजिन चालू ठेवून. घाटात हा प्रयोग करायचा नाही. कन्नड घाटात किंवा कोंडाईबारीला फक्त कान उघडे ठेवा: चढावर ताण असताना घूंघूं आणि उतारावर गिअरमध्ये पाय काढल्यावर शांत, किंवा बरोबर उलटं, हे डिफरन्शियलमधल्या दातेरी जोडीचं, क्राउन-पिनियनचं लक्षण. दोन्ही वेळा सारखी घरघर असेल तर संशय बेअरिंगवर.

ठोक्यासारखा आवाज असेल तर तो मोजता येतो. २१५/७५ आर १५ टायरचा परीघ साधारण २.२ मीटर. ताशी २० किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला अडीच वेळा फिरतं. घड्याळ लावून दहा सेकंदांत २५ ठोके मिळाले, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत: टायरला फुगवटा, ड्रम लंबगोल, सैल नट. डिफरन्शियलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीत शाफ्टच्या किती फेऱ्या) ४ च्या आसपास धरलं तर त्याच वेगाला शाफ्ट सेकंदाला दहा वेळा फिरतो. ते ठोके मोजता येत नाहीत, त्यांचा थरथराट होतो. स्पीडोमीटर थोडा खोटं बोलत असेल तर मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघा.

शाफ्टवर जरा थांबू, कारण लांब चेसिसच्या गाडीत तो दोन तुकड्यांचा असतो आणि मधे रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं. शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस कोरडा पडला की हळू वेगात चिमणीसारखं चिवचिवतो आणि वेगाबरोबर चिवचिव जलद होते. क्लच सोडताना एकदाच ‘खट्ट’ होत असेल, तर क्रॉस झिजला असावा. तपासायला गाडी सपाटीवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून गुटके, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. क्रॉसच्या दोन बाजूंचे योक, म्हणजे त्याला धरणारे लोखंडी चिमटे, दोन हातांत धरून उलटसुलट पिळा. दोन्ही योक मिळून थोडे हलले तर तो डिफरन्शियलच्या दातांमधला मोकळेपणा, तेवढा चालतो. एक योक हलतो आणि दुसरा जागेवर, म्हणजे क्रॉस गेला. कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया गंजून कोरड्या झाल्या आहेत. वरून ग्रीस मारून चार दिवस शांतता मिळते, आयुष्य मिळत नाही. चांगल्या क्रॉसला ग्रीस मारताना चारही कपांतून ताजं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. तीनच कपांतून आलं तर चौथा उपाशी आहे.

सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं की गाडी भरलेली असताना जागेवरून उठाव घेताना, साधारण १५ ते ३० च्या वेगात, जमीन हादरल्यासारखी वाटते आणि पुढे आपोआप कमी होते. टॉमीने (लोखंडी पहारीने) हलकेच उचलून बघा. आणि शाफ्ट खोलायच्या आधी प्रत्येक फ्लँजवर (बोल्टांच्या सांध्यावर) आणि स्प्लाइनवर (दातेरी सांध्यावर) रंगाची खूण करा. एका दाताने जरी शाफ्ट फिरून बसला तरी नव्या क्रॉससहित जी थरथर सुरू होते, ती शोधताना लोक चाकं बॅलन्स करून थकतात.

चाकं बॅलन्स करण्याबद्दलही एक गोष्ट. आपली काळी माती. पावसात शेतरस्त्याने जाऊन आलं की रिमच्या आतल्या बाजूला ती थापली जाते, सुकते आणि दगडासारखी होते. मग ६०-७० ला स्टिअरिंग थरथरतं. आधी रिम आतून खरवडून धुवा, मग बॅलन्सिंगचे पैसे द्या. टायरचा आणि बेअरिंगचा आवाज वेगळा करायला रस्ता बदलून बघतात: काँक्रीटवरून डांबरावर आल्यावर आवाज बदलला तर टायर, तसाच राहिला तर बेअरिंग. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कॅम्परच्या टायरची नक्षी झिजत नाही, कारण ती महिनोन्‌महिने उभी असते. पण रबर म्हातारं होतं आणि उन्हात आतला पट्टा सुटतो. सहा-सात वर्षांपुढच्या टायरचा फदफद आवाज सहन करत बसू नका.

व्हील बेअरिंगची गुरगुर ४०-५० ला मोकळ्या रस्त्यावर गाडी सावकाश डावी-उजवीकडे झुलवून पकडतात. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर डाव्या बाजूवर संशय. मग जॅकवर घ्या, खाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हातही आत घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, तरीही राहिला तर सरळ अॅक्सलच्या गाडीत किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती. हा फरक ओळखला नाही तर बेअरिंग नवं येतं, गाडी तशीच डोलते. डावी-उजवीकडे हलवल्यावर खेळ असेल तर स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा, टायरॉड एंड.

खड्ड्यात येणारा आवाज बहुतेक वेळा पाट्यांचा, म्हणजे पानांवर पानं रचलेल्या लोखंडी स्प्रिंगांचा. इथे कॅम्परची खास अडचण अशी की शाळेची गाडी संध्याकाळी रिकामी व्हायची, ही कधीच होत नाही. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, त्यात ओटा, बॅटऱ्या आणि टाकी एकाच बाजूला. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने दोन्ही बाजूंना मोजा. एक बाजू दोन-तीन सेंटिमीटरने खाली असेल तर तिथला पाटा बसलाय नाहीतर एखादं पान तुटलंय, आणि जो दणका येतो तो अॅक्सल बंपस्टॉपच्या रबरी ठोकळ्याला आपटल्याचा. करकर असेल तर एका वेळी पाट्याच्या टोकाच्या एकाच शॅकल बुशवर साबणाचं पाणी मारा आणि गाडी दाबून बघा. ज्याच्यावर मारल्यावर करकर थांबली तो बुश. त्यावर जळकं ऑइल ओतण्याची आपल्याकडे फार सवय आहे. रबराचा बुश त्याने फुगून सुटतो. पाट्याचं काम झाल्यावर ५०० किलोमीटरनंतर पाटा धरणारे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. हे मिस्तरी सांगत नाहीत.

इंजिनचं थोडक्यात. गाडी थंड असताना टकटक आणि गरम झाल्यावर कमी, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग बघा, सांध्यावर काजळी दिसेल. ज्या गाडीत माणसं झोपतात तिथे हा दोष आवाजापुरता नसतो, धूर आत येतो. सकाळी सुरू करताना बेल्ट किंचाळतो, त्यावर थोडं पाणी शिंपडा: आवाज वाढला तर बेल्ट सैल, थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिटच चालवा, वॉटर पंप बंद असतो. डिझेल नॉक, म्हणजे इंजिनची ठकठक, कोणत्या सिलिंडरचा हे बघायला जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत आयडलला एकेक इंजेक्टर पाइपचा नट किंचित ढिला करतात. नॉक बदलला, तो सिलिंडर. नव्या कॉमन रेल इंजिनवर, जिथे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून डिझेल जातं, हे कधीही करायचं नाही. तिथला दाब एक हजार बारच्याही वर जाऊ शकतो आणि डिझेल कातडी फोडून आत जातं. आणि उन्हाळ्यात, जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असताना, चढावर पुढून वाऱ्यासारखी घोंघों आली तर घाबरू नका. रेडिएटरच्या व्हिस्कस फॅनचा क्लच पकडतो तेव्हा तसाच आवाज येतो.

क्लचचं सोपं आहे. पेडल दाबल्यावर सुरू होणारा आवाज रिलीज बेअरिंगचा, दाबल्यावर थांबणारा गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगचा. सगळ्या गिअरांत घरघर पण थेट गिअरमध्ये, म्हणजे ताकद सरळ पुढे जाते त्या गिअरमध्ये, शांत, तर गिअरबॉक्समधला जोडशाफ्ट, काउंटरशाफ्ट.

रात्री मुक्कामी, नळ सगळे बंद असताना पाण्याचा पंप मधूनच ‘टर्रर’ करून थांबत असेल तर पंप बिघडलेला नाही. कुठेतरी जोड ठिबकतोय आणि दाब उतरतोय. ओट्याखाली वर्तमानपत्र अंथरा, सकाळी ओला डाग जागा दाखवतो.

ऐकताच गाडी जागेवर थांबवायची असे आवाज तीन: ऑइलच्या दिव्यासह खालून येणारी जड ठकठक, ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याची खर्र, आणि शाफ्टची खणखण. पहिल्यात इंजिन लगेच बंद. आणि गाडी ओढून न्यायची वेळ आली तर मागची चाकं उचलून न्या. ते शक्य नसेल तर डिफरन्शियलच्या टोकाचा फ्लँज खोलून शाफ्ट वर बांधून घ्या किंवा काढूनच टाका. नाहीतर इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, ऑइल उडवणारा काउंटरशाफ्ट थांबलेला आणि आउटपुट शाफ्ट मात्र चाकांमुळे फिरत असतो. त्याला ऑइल पोचत नाही आणि धुळ्यापासून शिरपूरपर्यंत जाईतो चांगल्या गिअरबॉक्सचंही काम निघू शकतं.