चौथीचा वर्ग तरणतलावावर

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा लागला की खारघरच्या पांडवकडा धबधब्याकडे जाण्यास मनाई होते. हुकूम निघतो, वनखात्याचे फलक लागतात, पोलीस उभे राहतात. तरीही कुठल्या ना कुठल्या धबधब्यात, येऊरच्या डोंगरातल्या तळ्यात किंवा दगडखाणीत साठलेल्या पाण्यात एखादे कोवळे पोर गेल्याची बातमी पावसाळ्यात कानावर येतेच. मनाई हुकूम हवाच, याबद्दल माझे दुमत नाही. पण ज्या ठाण्याला आपण अभिमानाने तलावांचे शहर म्हणतो, जिथे एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर उतरून येणारे ओढे आहेत, तिथली मुले पोहता न येताच मोठी होतात, ही गोष्ट मनाला फार लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. आपल्या देशात दर वर्षी बुडणाऱ्यांचा आकडा ३८ हजारांच्या आसपास आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने असे मृत्यू रोखण्यासाठी राष्ट्रीय आराखडाही जाहीर केला. तो दिल्लीत झाला. मुलाला पाण्यात उतरवून तरंगायला शिकवण्याचे काम मात्र प्रभागातच व्हायचे आहे.

आमच्या वडिलांच्या पिढीला पोहणे गावच्या विहिरीने शिकवले. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा नाहीतर रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, काकाने काठावरून ढकलायचे आणि आठ-दहा दिवसांत बिंडा सोडूनही पोर तरंगायला लागायचे. त्याला कोणी फी घेत नव्हते. आज त्या विहिरीची जागा तरणतलावाने घेतली आहे, आणि तिथे शुल्क भरावे लागते, पोहण्याचा पोशाख लागतो, मुलाला ने-आण करायला सवड असलेले माणूस लागते. त्यामुळे खाणीच्या किंवा नाल्याच्या कडेला ज्याचे घर आहे, ज्याला पोहण्याची सर्वांत जास्त गरज आहे, नेमके तेच मूल मागे राहते.

हे पालकांच्या ऐपतीवर सोडायचे नाही, असे इतर देशांतल्या सरकारांनी ठरवलेले आहे. इंग्लंडच्या प्राथमिक अभ्यासक्रमातच पोहणे आहे: शाळा सोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाला निदान २५ मीटर पोहता आले पाहिजे आणि पाण्यात स्वतःचा जीव वाचवता आला पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने ३ ते ६ वर्षांच्या मुलांच्या पोहण्याच्या शिकवणीसाठी पालकांना सरकारी व्हाउचर दिले. आपल्याला जवळचा वाटावा असा दाखला मात्र बांगलादेशाचा आहे. त्या सरकारने २०२२ मध्ये मंजूर केलेल्या कार्यक्रमात लहानग्यांसाठी सुमारे ८ हजार पाळणाघरे आणि ६ ते १० वर्षांच्या मुलांसाठी पोहण्याचे वर्ग, अशी दोन्ही कामे एकत्र हाती घेतली.

ती एकत्र का, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाला पोहायला शिकवून वाचवता येत नाही. आपल्या शहरी वस्त्यांत ते सहसा तळ्यापर्यंत जातही नाही. त्याचा घात घरातले पाणी करते. दिघ्याच्या किंवा लोकमान्यनगरच्या चाळीत डोकावून पाहावे. नळाला पाणी ठराविक वेळीच येते, म्हणून मोरीपाशी निळा पिंप भरून ठेवलेला असतो, शेजारी बादली असते आणि आई गॅसवरची भाजी उतरवायला वळलेली असते. वाकून पाहणाऱ्या मुलाचे डोके जड असते, त्यामुळे बादलीत डोक्यावर पडले की ते सावरू शकत नाही, आणि त्याचा आवाजही होत नाही. तिथे पिंपाला घट्ट झाकण, रिकामी करून उपडी ठेवलेली बादली आणि आई कामावर असताना मूल सांभाळणारी जागा लागते. केंद्राची पाळणा योजना अंगणवाडीला जोडून पाळणाघर देते. आपल्या वस्त्यांत ती पोचावी यासाठी नगरसेवकांनी झटले पाहिजे.

मोठ्या मुलांसाठी माझे मागणे साधे आहे. शाळा महापालिकेची आहे आणि ठाण्यात मारोतराव शिंदे तरणतलावासारखा तलावही महापालिकेचाच आहे. मग चौथीचा वर्ग आठवड्यातून दोनदा बसने तलावावर का जाऊ नये? त्यासाठी बसभाडे, पोशाख, प्रशिक्षक, जीवरक्षक आणि मुलींसाठी महिला प्रशिक्षक, एवढ्याची तरतूद अर्थसंकल्पात करावी लागेल. जिथे पालिकेचा तलाव नाही, तिथे खासगी तलावाचे दुपारचे तास पालिकेने भाड्याने घ्यावेत.

एका तरणतलावावर पाहिलेली नऊ वर्षांची एक मुलगी मला आठवते. पहिल्या दिवशी तिने शिडीचा दांडा इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरे पांढरी पडली होती. बाईंनी तिला पाण्यात ओढले नाही. गाल फुगव, तोंड पाण्यात घाल, बुडबुडे सोड, एवढेच त्या सांगत राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात ती हात पसरून पाठीवर पडली होती, कान पाण्याखाली, नजर छपराकडे, आणि बाईंचा तळवा तिच्या पाठीखालून केव्हाच निघाला होता.

या वर्गात आणखी दोन गोष्टी शिकवाव्यात. बुडणाऱ्याच्या मागे उडी घ्यायची नाही; आरडाओरडा करून मोठ्यांना बोलवायचे आणि काठावरूनच दोरी, ओढणी किंवा झाकण लावलेला रिकामा तेलाचा कॅन फेकायचा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरून फिरवायचे नाही, पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवायचा नाही. श्वास थांबला असेल तर लगेच तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबत राहायचे आणि दुसऱ्याने ११२ किंवा १०८ या क्रमांकावर फोन लावायचा.

नमस्कार.