होस्टची हद्द मास्क ठरवतो

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सातपूर-अंबडहून पहिली पाळी संपवून थेट इथे आलेले बरेच चेहरे दिसतायत, पॉलिटेक्निकची मुलंही आहेत. पत्रिकेवर विषय छापलाय: सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या तुकड्यात, होस्टला, म्हणजे त्यावरच्या कॉम्प्युटर-मशीनला, देता येणारे आयपी पत्ते कसे काढायचे. ते काढूच. पण त्याआधी मला एका गोष्टीवरून भांडायचंय. मास्क म्हणजे पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठवर ते सांगणारे आकडे. १९२ नं सुरू होणारा पत्ता दिसला की 'क्लास सी, मास्क २५५.२५५.२५५.०' असं किती जणांना शिकवलंय? हात वर करा. बघा, निम्मा हॉल!

अहो, हे वर्ग १९८१ च्या आराखड्यातले. पत्त्याचा पहिला आकडा बघायचा आणि नेटवर्क केवढं ते ठरवायचं. १९८५ मध्ये सबनेटिंग आलं आणि १९९३ मध्ये सीआयडीआर, म्हणजे वर्ग न बघता नेटवर्कची हद्द ठरवायची पद्धत, आल्यावर वर्ग मोडीतच निघाले. या पुढच्या रांगेतल्या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी त्यांच्या पेपरात प्रश्न येतो, 'हा पत्ता कोणत्या वर्गाचा?' इतिहास म्हणून विचारा, माझी ना नाही. पण तो इतिहासात राहत नाही. विंडोजच्या जुन्या सेटिंगमध्ये १० नं सुरू होणारा पत्ता टाकून टॅब दाबा, मास्क आपोआप २५५.०.०.० भरला जातो. मुलगा तो बदलत नाही, कारण बदलायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

त्याचं पुढे काय होतं ते सांगतो. सातपूरचा एक कारखाना. १९२.१६८.४.० हे नेटवर्क चार तुकड्यांत विभागलेलं, प्रत्येक तुकडा स्लॅश २६, म्हणजे पत्त्याचे पहिले २६ बिट नेटवर्कचे. गेटवरचं हजेरीचं मशीन पहिल्या तुकड्यात, शेवटचा आकडा ३०. ऑफिसातला सर्व्हर दुसऱ्या तुकड्यात, शेवटचा आकडा १००. मधे राउटर. सगळं सुरळीत चाललेलं. मग जुना राउटर काढून नवा बसवला आणि हजेरी सर्व्हरवर यायचीच बंद झाली. माणसं अंगठा लावतायत, मशीन 'थँक यू' म्हणतंय, आणि यादीत अख्खी पाळी गैरहजर! टाइम ऑफिससमोर ही गर्दी. मशीनवाल्यानं केबल बदलली, कनेक्टर पुन्हा क्रिम्प केला, स्विचचा पोर्ट बदलला, शेवटी मशीनच नवं आणलं. गेटवरच्या कॉम्प्युटरवरून पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' विचारलं, की मशीन उत्तर देतंय, म्हणून तो म्हणतो, 'आमचं ओके आहे, राउटर बघा.' राउटरवाला म्हणतो, 'आमचंही ओके आहे.'

मला बोलावलं तेव्हा मी मशीनचा मेनू उघडला. मास्क २५५.२५५.२५५.०. हवा होता २५५.२५५.२५५.१९२. आता मशीनच्या बाजूनं बघा. या मास्कप्रमाणे १०० नंबर त्याच्याच नेटवर्कमधला. मग ते गेटवेकडे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरकडे, कशाला जाईल? ते आपल्याच तारेवर एआरपीची, म्हणजे पत्त्यावरून मशीन शोधायची, हाक मारतं, '१०० कोण आहे?' ती हाक ब्रॉडकास्ट असते, म्हणजे तुकड्यातल्या सगळ्यांना एकदम, राउटर ओलांडत नाही. १०० पलीकडे, त्याला ऐकूच येत नाही. मग आधी कसं चालायचं? जुना राउटर त्याच्या वतीनं 'ओ' द्यायचा. प्रॉक्सी एआरपी म्हणतात त्याला. नव्यात ती सोय बंद होती. म्हणजे चूक पहिल्या दिवसापासून होती, राउटरनं ती झाकली होती. नवं मशीनही तोच मास्क घेऊन आलेलं. एक आकडा बदलला आणि हजेरी सुरू झाली. पण तोवरची हजेरी टाइम ऑफिसच्या लोकांनी रजिस्टर बघून हातानं भरली, आणि ज्या कामगारांची नोंद त्यात सापडेना त्यांनी हेलपाटे घातले. याचा मला आजही राग येतो.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिली. तर आता भराभर फळ्याकडे बघा.

पत्त्यात ३२ बिट. मास्कमध्ये जिथे १, तो भाग नेटवर्कचा; जिथे ०, तो होस्टचा. होस्टचे सगळे बिट ० केले की नेटवर्कचा पत्ता, सगळे १ केले की ब्रॉडकास्ट. या दोघांच्या मधले सगळे होस्टचे. स्लॅश २६ म्हणजे होस्टला ६ बिट, ६४ पत्ते, दोन वजा, ६२. आपला १०० घ्या: ०११००१००. मास्कचा १९२: ११००००००. दोघांचा अँड केला, म्हणजे दोन्हीकडे १ तिथेच १, बाकी ०, की ०१००००००, म्हणजे ६४. हे नेटवर्क. पुढचं सबनेट १२८ ला सुरू होतं, म्हणून ब्रॉडकास्ट १२७. होस्ट ६५ ते १२६. झटपट करायचं तर २५६ मधून १९२ वजा करा, ६४ ची पावलं टाका. पण आधी बिट मांडून, मग पावलं.

आता १७२.१६.३७.२०० स्लॅश २०. मास्क २५५.२५५.२४०.०. पावलं १६ ची, आणि ती तिसऱ्या आकड्यात. ३७ येतो ३२ ते ४७ मध्ये. नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. होस्ट ३२.१ पासून ४७.२५४ पर्यंत, ४०९४. म्हणजे १७२.१६.४०.२५५ आणि १७२.१६.४१.० हे दोन्ही होस्टला बिनधास्त देता येतात! शेवटी ० किंवा २५५ दिसलं की लोक घाबरतात. मास्क बघा.

दोन वजा करायचे ते होस्टमधून. सबनेटच्या संख्येतूनही वजा करायचे हा जुना नियम, तो सोडा. स्लॅश ३१ अपवाद: दोन राउटरमधल्या थेट जोडणीवर दोन्ही पत्ते वापरता येतात, २००० सालापासून तसा नियम आहे.

मागून प्रश्न आलाय: सिंहस्थात साधुग्रामला ६२ कॅमेरे लावायचे, स्लॅश २६ पुरेल का? नाही पुरणार. एक पत्ता गेटवेचा. रेकॉर्डर त्याच सबनेटमध्ये ठेवलात तर आणखी एक. कॅमेऱ्यांना उरले ६०. स्लॅश २५ घ्या, १२६ मिळतात, आणि प्रत्येक कॅमेऱ्यात मास्क २५५.२५५.२५५.१२८ हातानं टाका.