पुंटलँड: वेगळं, पण फुटून न निघालेलं

आफ्रिकेच्या शिंगाचं हे टोक. उत्तरेला एडनचं आखात, पूर्वेला हिंदी महासागर. इथल्या डोंगरांत आजही झाडांना चिरा पाडून धुपाचा डिंक काढतात. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तची राणी हत्शेपसुत हिची जहाजं धूप आणायला ‘पुंट’ देशी गेली होती. तो देश नेमका कुठे होता यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नाव मात्र सोमालियाच्या ईशान्येकडच्या या प्रदेशानं घेतलं: पुंटलँड.

इथे माजेर्तीन सुलतानांचं राज्य होतं. मग इटली आली. १९६० साली स्वतंत्र सोमालिया झाला आणि १९६९ मध्ये लष्करी उठाव करून सियाद बर्रे सत्तेवर बसला.

पुंटलँड समजून घ्यायचं तर १९७८ पाशी थांबावं लागतं. इथिओपियाशी झालेल्या ओगादेनच्या युद्धात सोमालिया हरला. एप्रिलमध्ये काही लष्करी अधिकाऱ्यांनी बर्रेविरुद्ध उठाव केला, तो फसला. त्यांतले बरेचजण माजेर्तीन कुळाचे, म्हणून शिक्षा सगळ्या कुळाला झाली. मुडुग भागात सैनिकांनी बेरकाडच फोडले. बेरकाड म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं जमिनीतलं टाकं. या कोरड्या माळावर माणसं आणि उंट त्यावरच जगतात. माणसं तहानेनं मेली, कळपच्या कळप गेले. आपल्याच सरकारनं पाणी तोडलं, ही जखम इथल्या राजकारणात खोल मुरली आहे.

१९९१ मध्ये बर्रे पळाला आणि देश कोसळला. शेजारच्या सोमालीलँडनं, म्हणजे जुन्या ब्रिटिश वसाहतीनं, थेट स्वातंत्र्य जाहीर केलं. ईशान्येच्या लोकांनी तसं केलं नाही. १९९८ मध्ये गारोवे गावी (आता पुंटलँडची राजधानी) कुळांचे वडीलधारे जमले, दीर्घ चर्चा झाली आणि १ ऑगस्टला स्वायत्त पुंटलँड जाहीर झालं. पहिले अध्यक्ष अब्दुल्लाही युसुफ, १९७८ च्या उठावातून निसटलेले. त्यांची मागणी संघराज्याची होती: सोमालिया एक राहावा, पण सगळी सत्ता देशाच्या राजधानीत, मोगादिशूत नको. २००४ साली तेच सोमालियाचे अध्यक्ष झाले.

सीमेचा वाद मात्र मिटला नाही. सोमालीलँडचा नकाशा ब्रिटिशांनी आखलेल्या रेषेवर उभा, पुंटलँडचा कुळाच्या नात्यांवर. मधले सूल आणि सनाग हे भाग त्यात भरडले गेले. किनाऱ्यावरच्या एइलसारख्या गावांतून समुद्री चाचे निघाले. त्याची झळ भारतापर्यंत आली: मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलानं ‘रुएन’ जहाज सोडवलं आणि ३५ चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं.

त्याच महिन्याच्या अखेरीस मोगादिशूनं राज्यघटना बदलली. आम्हाला विचारलंच नाही, असं म्हणत गारोवेनं केंद्र सरकारची मान्यता काढून घेतली. सर्वांना मान्य होईल अशी घटना सार्वमतानं येईपर्यंत पुंटलँड आपला कारभार स्वतः पाहील, असं पुंटलँडच्या सरकारनं जाहीर केलं.